पडून राहणाऱ्याला लागतं किती

पंढरीची बायको रुपा वांकिडीला लेकीकडे गेली आणि आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या त्या घरात तो आणि त्याची आई तुळजाबाई अशी दोघंच राहिली. लेकीला, प्रगतीला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि या खेपेला डॉक्टरनं तिला खाटेवरून उतरायलाच मनाई केली होती. तिच्या घरात सासू नाही, पहिलं पोरगं जेमतेम दोन वर्षांचं. रुपाला जाणं भागच होतं. निघताना पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली.

"आईले येळेवर जेऊ घाला. पहिल्यांदा त्या नाईच म्हनतात. दुसऱ्यांदा वाढलं का खातात," ती म्हणाली.

"हाव, हाव. मले का समजत नाई?" पंढरी म्हणाला.

तुळजाबाई पावसाळ्यात अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली. महिन्याभरात काठी घेऊन चालेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण तिच्या पायात जोर आलाच नाही. तिनं खाट धरली ती धरलीच. ही बाई एके काळी बेल्याच्या बाजारात वांग्यांचा आणि सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ढीग पुढे घेऊन बसायची, तेव्हा तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. दोन भाकरी आणि ठेचा खाऊन वर ताक प्यायची आणि शेजारणीच्या डब्यात काय आहे तेही वाकून बघायची. आता तिचं सगळं खाटेवरच होतं आणि ते सगळं रुपा करायची. पंढरीला त्यातलं फारसं काही माहीत नव्हतं. रुपा भांडं घेऊन निघाली की तो मळ्याकडे निघून जायचा.

रुपा गेल्यावर पहिले काही दिवस शेजारच्या लक्ष्मीबाई सकाळ-संध्याकाळ येऊन तुळजाबाईचं आवरून गेल्या. मग कापसाची वेचणी लागली. गावातली एकूण एक बाई पहाटेच रानात जाऊ लागली, लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांना थांबा म्हणायला पंढरीला तोंड नव्हतं.

त्या दिवशी दुपारी तुळजाबाईनं हाक मारली. पंढरी आत गेला. काय झालं ते दारातच कळलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"लक्ष्मीले बोलाव," ती म्हणाली.

"ते वेचायले गेली, माय."

"मंग राहू दे. संध्याकाळी येईन ते."

संध्याकाळपर्यंत कसं राहू द्यायचं? पंढरीनं पाणी तापवलं, जुनं धोतर फाडलं आणि आईला धुतलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. तिच्याकडे न बघता धुवायला गेला तर नीट होईना, आणि बघून धुवायचं म्हटलं की त्याची मान आपोआप वळे. तुळजाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि पदराखाली ती काहीतरी पुटपुटत होती. देवाला म्हणत होती की त्याला, ते कळलं नाही. सगळं झाल्यावर पंढरी मागच्या दारी गेला आणि कोपरापर्यंत हात पुन्हा पुन्हा घासत बसला. जेवायला बसला तेव्हा घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

त्या रात्री तुळजाबाईनं अर्धीच भाकर खाल्ली.

"बस्स," ती म्हणाली.

"बस्स का?"

"भूक नाई."

पंढरीनं ताट उचललं. रुपाचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण त्यानं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकर चिमटीनं मोडून पाण्यात भिजवली आणि निम्मी तशीच ठेवली. पाणीही ती घोटभरच पिऊ लागली. दोन-तीन दिवसांत पंढरीच्या लक्षात आलं की आता धुणं रोजचं राहिलं नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माय काऊन कमी खाते, हे त्याला उमगलं असूनही त्यानं ते मनात पुढे येऊ दिलं नाही. उलट त्यानं मनाची समजूत काढली. बैल नांगराला असतो तेव्हा त्याला ढेप लागते, सरकी लागते. उन्हाळ्यात दावणीला बसून असतो तेव्हा कडब्यावर भागतं. माय तर नुसती पडून आहे. पडून राहणाऱ्या माणसाला लागतं किती?

मग तो तिच्यासाठी एकच भाकर टाकू लागला. ती अर्धी खायची, उरलेली अर्धी कुत्र्याला जायची. सकाळ-दुपार चहा आणि संध्याकाळी चार घास वरण-भात. दूध सगळं डेअरीला जाऊ लागलं.

रुपाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आईनं खाल्लं?"

"खाल्लं."

"किती?"

"रोजच्या एवढंच," पंढरी म्हणायचा. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

थंडी वाढली. आदिलाबादकडची थंडी हाडात शिरते. तुळजाबाई दोन गोधड्यांखाली कुडकुडायची आणि दिवसभर डोळे मिटून असायची. एकदा कूस बदलताना ती कण्हली. पंढरीनं पाहिलं तर माकडहाडापाशी कातडी काळी पडून फाटली होती आणि आत खोल जखम झाली होती. वासही येत होता. तो घाबरला. गावातल्या एकाची गाडी मागून त्यानं आईला आदिलाबादला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात नर्सबाईला तुळजाबाईचं वजन हवं होतं. तिला उभं राहता येत नव्हतं म्हणून नर्सबाईनं पंढरीला सांगितलं, आजीला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, मी वजा करते. पंढरीनं आईला उचललं. उचलायला जोर लावला तो वायाच गेला. भरलेली पोती रोज उचलणारा माणूस तो, त्याला वाटलं आपण नुसती गोधडीच उचलली.

"अडतीस. ऑपरेशनच्या कागदावर सेहेचाळीस आहे," नर्सबाई म्हणाली.

डॉक्टर तेलुगू होते, हिंदीत बोलायचे. त्यांनी जखम पाहिली, कागद पाहिले आणि आहार सांगणाऱ्या बाईंना बोलावलं. नेहा तिचं नाव. आदिलाबादच्याच मराठी घरातली, प्रगतीएवढीच असेल. ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"काका, आजी दिवसभरात काय काय खातात? आठवून सांगा. घाई नाही."

वॉर्ड भरलेला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून हातातलं काम थांबवून ऐकत होती. पंढरीनं तिच्याकडे पाहिलं, मग नेहाकडे.

"दोन भाकरी खाते," तो म्हणाला. "सकाळी एक, संध्याकाळी एक."

"भाजी?"

"भाजी असते नं. घरचीच हाय. वाटीभर वरण. थोडा भात. अन्... दूध. झोपताना गिलासभर."

"चहा?"

"दोनदा."

तोंडातून एकेक जिन्नस निघत गेला तसं त्याला ते सगळं खरंच वाटू लागलं. नेहानं आकडेमोड केली. मग ती तुळजाबाईकडे वळून म्हणाली, "आजी, बरोबर आहे ना? एवढं खाता ना तुम्ही?"

तुळजाबाईनं डोळे उघडले. तिनं आधी पोराकडे पाहिलं.

"खातो नं, बाई," ती म्हणाली. "समदं खातो. पोरगं लय जीव लावते माह्यावर."

पंढरीनं मान खाली घातली.

"तसं पाहिलं तर अकराशे-बाराशे कॅलरी होतात," नेहा डॉक्टरांना म्हणाली. "जखम भरायला अजून हव्यात. पण एवढं खाणारं माणूस इतकं झडायला नको."

डॉक्टरांनाही तेच वाटलं. पोटात अन्न जातंय आणि अंगी लागत नाही, म्हणजे आत काहीतरी आहे. मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त काढायला आलेल्या पोराला शीर सापडेना. दोन्ही हातांवर टोचून झाल्यावर त्यानं पायाला सुई लावली. छातीचा फोटो काढायला तिला ढकलगाडीवरून नेलं तेव्हा त्या जखमेवर धक्के बसत होते आणि ती दात आवळून पडली होती. पोटाच्या सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी ठेवलं. तिनं पाणी मागितलं तर नर्सबाई नाही म्हणाली. कशात काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी गळ्यातून दुर्बीण घालून पाहू. गाठही असू शकते. गरज पडली तर हैदराबादला न्यावं लागेल.

पंढरीनं रुपाला फोनवर गाठीचं सांगितलं. रुपा रडायलाच लागली.

"मी येतो," ती म्हणाली. "पोरीचं पाहीन कोनी तरी. मी निघतोच उद्या."

"नको येऊ," पंढरी म्हणाला. "तसं काई नाई."

"तसं काई नाई कसं? डॉक्टर गाठ म्हनून राह्यला अन् तुमी तसं काई नाई म्हनता?"

त्यानं फोन ठेवला आणि तो जिन्यापाशी उभा राहिला. आपल्या एका खोट्यापायी मायच्या गळ्यात नळी जाणार. तिकडे रुपा खाटेवरच्या लेकीला सोडून येणार. आणि माय कोणाला काही सांगणार नाही. नळी घालू देईल, पण सांगणार नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तो नेहाच्या खोलीकडे गेला. आत एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याला साखरेचा आजार होता आणि नेहा त्याच्या बायकोला काय शिजवायचं ते समजावत होती. पंढरी दारात थांबला. ते दोघं उठतील म्हणून वाट पाहिली. ते उठेनात. आता परत फिरलो तर पुन्हा यायचा नाही, हे त्याला कळलं.

"मॅडम," तो दारातूनच म्हणाला, "म्या परवा खोटं सांगतलं तुमाले."

नेहानं वर पाहिलं. "काय खोटं?"

"जेवनाचं."

"आत या. बसा."

तो आत आला पण बसला नाही. नेहानं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि या वेळी त्यानं जे होतं ते सांगितलं. अर्धी भाकर. दोन चहा. चार घास वरण-भात. दूध नाही. भाजी तिला चाववत नव्हती आणि त्यानं मऊ शिजवलीही नव्हती. नेहा ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता.

"काका, हे साडेचारशेसुद्धा भरत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षांच्या लेकराला याच्या दुप्पट लागतं."

पंढरीच्या डोळ्यांपुढे प्रगतीचं पोरगं आलं. हातात केळं घेऊन घरभर पळणारं, एक संपलं की दुसऱ्यासाठी ओरडणारं.

"मले वाटलं, ते पडूनच राह्यते," तो म्हणाला. "पडून राह्यनाऱ्याले लागते किती?"

"पडून असलं तरी हृदय चालतंच ना? श्वास चालतो. या थंडीत अंग गरम ठेवावं लागतं. माणसाच्या दिवसभराच्या अन्नातलं निम्म्याहून जास्त तर ह्यातच जातं, काका. चालणं, काम करणं, ते त्याच्यावरचं. आजींचं वरचं तेवढं कमी झालं, बाकीचं तसंच आहे. आणि जखम भरायला तर उलट जास्त लागतं. त्यांना तेराशे-चौदाशे तरी जायला पाहिजेत." ती थांबली. मग तिनं सरळ विचारलं, "आजी खात नव्हत्या, की तुम्ही देत नव्हता?"

"ते नाई म्हने. म्या दुसऱ्यांदा इचारलं नाई."

"का?"

पंढरीनं त्या नवरा-बायकोकडे पाहिलं. दोघंही त्याच्याकडेच बघत होते.

"धुवा लागे मले," तो म्हणाला.

ती बाई खाली फरशीकडे पाहू लागली. नेहानं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"हे डॉक्टरांना तुम्हालाच सांगावं लागेल," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, पण पहिल्यासारखा मऊही नव्हता. "मी सोबत येते."

डॉक्टर वॉर्डातच होते. तुळजाबाईच्या खाटेपाशी, सगळ्यांच्या देखत, पंढरीनं मोडक्या हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आधी रोटी? पूरे दिन में?"

"हाँ साब."

"क्यों?"

"मैंने खिलाया नहीं, साब."

डॉक्टरांनी दुर्बिणीचा कागद मागवून त्यावर रेघ मारली आणि नर्सबाईंना तेलुगूत काहीतरी सांगितलं. बाजारापुरती तेलुगू पंढरीला येत होती, पण ते भरभर बोलले. त्यातला 'कोडुकु', म्हणजे मुलगा, एवढाच शब्द त्याला कळला. दोन्ही नर्सबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. शेजारच्या खाटेवरची सून आता उघडच बघत होती. पंढरी हात बांधून उभा राहिला. कुठे जावं, कुठे बघावं, त्याला सुचेना.

सगळे गेल्यावर तुळजाबाई बोलली. तिच्या आवाजात इतक्या दिवसांत नव्हती एवढी धार होती.

"काऊन सांगतलंस?"

"मंग का करू? नळी घालत होते तुह्या गळ्यात."

"घालू देली असती म्या. चार लोकात आपली आब्रू घालवली का नाई? माह्या हातानं म्या कमी खाल्लं. तू काऊन आपल्या आंगावर घेतलं?"

"म्या वाढलं नाई, माय."

"मीच नाई म्हनो."

"तू काऊन नाई म्हने, ते मले ठाव होतं," पंढरी म्हणाला. "पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी म्या ताट उचललं. मले बरं वाटे."

तुळजाबाईनं नजर छताकडे वळवली.

"तुले धुताना मले कदी काई वाटलं नाई," ती म्हणाली. "पन ते येगळं. तू लेकरू होता. तुह्या हातून धुवून घ्या लागलं तं मले वाटलं, मरन आलं तं बरं."

"असं नको बोलू."

"बोलू नको तं का करू? खरं हाय ते. तुलेच लाज वाटे का? मले नाई वाटत?"

थोड्या वेळानं नेहा एका वाटीत दुधात कुस्करलेली मऊ पोळी घेऊन आली. इतके दिवस पोट रिकामं होतं, तेव्हा एकदम भरू नका, थोडं थोडं, दर दोन तासांनी द्या, आठवडाभरात हळूहळू वाढवू, असं तिनं बजावलं. पंढरीनं चमचा घेतला. तुळजाबाईनं चार चमचे खाल्ले आणि तोंड फिरवलं.

"बस्स."

"अजून दोन घे," पंढरी म्हणाला.

तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि तोंड उघडलं.

संध्याकाळी त्यानं रुपाला फोन केला आणि गाठ नाही म्हणून सांगितलं. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यानं बाकीचंही सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून त्यानं कानापासून काढून बघितला.

"रोज इचारलं मी तुमाले," रुपा म्हणाली. "रोज."

आणि तिनं फोन ठेवला. पुढे ते दवाखान्यातून घरी आल्यावरही कितीतरी दिवस ती फोन करायची तो लक्ष्मीबाईंच्या फोनवर. लक्ष्मीबाई फोन घेऊन थेट तुळजाबाईच्या खाटेपाशी यायच्या आणि पंढरीकडे न बघता परत जायच्या.

दवाखान्यातून निघताना तिथल्या एका माणसानं पंढरीला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, आईला धरून बसवायचं कसं आणि भोक पाडलेली खुर्ची खाटेजवळ लावायची कशी. घरी आल्यावर पंढरीनं प्लास्टिकची खुर्ची कापून तशी करून घेतली. पहिल्या दिवशी तुळजाबाईला त्यावर बसवताना दोघांनाही घाम फुटला. तिला बसवून तो बाहेर ओट्यावर जाऊन थांबायचा, ती हाक मारायची, मग आत जायचा. धुणं चुकलं नाही. पण निदान खाटेवर, तिच्याच अंथरुणात ते राहिलं नाही. अवघडलेपण मात्र गेलं नाही. कधी ती चिडायची, कधी तो. एकदा तिनं त्याला पाणी गार आहे म्हणून शिवी हासडली, तेव्हा त्याला आतून हायसं वाटलं. बाजारात बसायची तेव्हा ती अशीच शिव्या द्यायची.

जखम हळूहळू भरत आली. नेहानं बोलावलं तेव्हा वजन चाळिशीच्या वर गेलं होतं. नेहा छान म्हणाली, पण ते आजीला म्हणाली.

प्रगतीला मुलगी झाली. सव्वा महिना करून रुपा परत आली. आल्या आल्या ती थेट सासूच्या खाटेशी गेली, तिची पाठ उघडून पाहिली, दंड दाबून पाहिले. पंढरी दारात उभा होता.

"आता मी पाहीन आईचं," ती त्याच्याकडे न वळता म्हणाली.

"सकाळचं मी करत जाईन," पंढरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपानं पाणी तापवून ठेवलं आणि ती चुलीपाशीच बसून राहिली. पंढरी बादली घेऊन आत गेला.

गावात ही गोष्ट कळली होतीच. दवाखान्यातून ती आधीच बेल्यात येऊन पोचली होती. त्या आठवड्यात बेल्याच्या बाजारात पंढरीनं वांगी मांडली होती. आईची एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, चार वांगी दाबून पाहिली आणि तराजूत टाकली.

"कशी हाय तुळजाबाई?" तिनं विचारलं.

"बरी हाय."

"जेवते का?"

ती सहज विचारत होती, की ऐकून विचारत होती, हे पंढरीला ओळखता आलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"जेवते," तो म्हणाला. तराजूचा काटा केव्हाच थांबला होता, तरी तो त्याच्याकडेच बघत राहिला. मग त्यानं वांगी तिच्या पिशवीत ओतली, वर मूठभर सांभार टाकला, आणि तिनं सुटे पैसे मोजून दिले तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

अकरा वाजत आले होते. आईला पुढचं खाणं भरवायची वेळ झाली होती. उरलेली वांगी त्यानं शेजारच्या माणसाच्या हवाली केली आणि मोटरसायकल सुरू केली.